झुकलेले खांब

१

सोळा सेकंदांचा तो व्हिडिओ शनिवारी सकाळी पालकांच्या ग्रुपवर आला आणि दुपारची जेवणं उरकायच्या आत अख्ख्या वस्तीचा पाहून झाला. बागेतल्या घसरगुंडीच्या शिडीवर सात वर्षांची एक मुलगी मध्येच अडकून उभी आहे. भीतीने तिचा फ्रॉक ओला झालाय. खालची पोरं बोट दाखवून हसतायत. एवढंच. पण ते सगळं अगदी संथ, लांबवत लांबवत, आणि वर कुणीतरी चढवलेलं ठेक्याचं गाणं.

सोमवारी ती मुलगी शाळेत गेली आणि मधल्या सुट्टीतच परत आली. घरी तिला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी कधी टिकत नसे. आता ती पलंगाखाली टिकून बसली होती. मंगळवारी कुणीतरी बागेच्या वॉचमनची कॉलर धरली. बुधवारी सकाळी उद्यान अधीक्षकांनी मोजपट्टीला केबिनमध्ये बोलावलं.

मोजपट्टी म्हणजे शहरातल्या चौदा बागांतली खेळणी तपासणारी मुलगी. भौतिकशास्त्राची पदवी घेऊन दोन वर्षांपूर्वी खात्यात लागलेली. घसरगुंडीचा उतार किती, झोक्याची कडी किती झिजली, दोन गजांमध्ये पोराचं डोकं अडकेल का, हे मोजणं तिचं काम. गळ्यात कायम मोजपट्टी असायची म्हणून पोरांनी बारसं केलं, आणि खात्यानेही तेच नाव उचललं.

"उद्या पाच वाजता पालक मंडळाची बैठक आहे," साहेब म्हणाले. "वॉचमनला कामावरून काढा म्हणतायत, शिवाय पोलिसांत द्या म्हणतायत. त्याच्या स्टुलावरून घसरगुंडी समोर दिसते, म्हणे. मला एवढंच सांग, व्हिडिओ त्याने काढलाय की नाही?"

"साहेब, मी खेळणी तपासते. माणसं नाही."

"मग खेळणीच तपास. घसरगुंडी आहे ना त्यात? त्याला कामावरून काढायला माझं काही जात नाही गं. पण उद्या तो निर्दोष निघाला तर तोंड कुठे लपवू?"

तिने व्हिडिओ अकरा वेळा पाहिला. मुलीकडे न बघता. बाराव्या वेळी तिला डाव्या कोपऱ्यात, जमिनीवर, एक सावली सरकताना दिसली.

२

सावली झोक्याची होती. खुद्द झोका चित्रात कुठेच नव्हता. सावली पुढे यायची, मागे जायची, पुन्हा तिथेच यायची. तिने घड्याळ लावलं. एका फेरीला अकरा सेकंद आणि वर थोडं.

बागेत जाऊन तिने तोच झोका हलवून पाहिला. साखळी दोन मीटरची. एका फेरीला तीन सेकंदांच्या किंचित आत. साखळीची लांबी बदलत नाही, पृथ्वीचं ओढणंही बदलत नाही, तेव्हा झोक्याला खोटं बोलता येत नाही. म्हणजे व्हिडिओ खऱ्यापेक्षा चौपट संथ होता.

"टिंगल करायला मुद्दाम संथ केलाय," सगळे म्हणत होते. तिने एकेक चित्र थांबवून पाहिलं होतं. नंतर ताणलेल्या व्हिडिओत तेच चित्र चारचार वेळा येतं. इथे प्रत्येक चित्र वेगळं होतं. म्हणजे टिपतानाच तो संथ टिपला होता. चौपट वेगाने चित्रं घेत. असं कुणी का करेल?

वॉचमन फाटकाजवळ उभा होता. स्टूल होतं, पण तो त्यावर बसला नव्हता.

"बसा ना, काका."

"नको ताई. तिथे बसलो की घसरगुंडी दिसते म्हणतात. भिंतीकडे तोंड करून राखण कशी करायची, तेवढं साहेबांना विचारून सांगा."

त्याने न मागताच फोन पुढे केला. फोटो सगळे नातीचे, तेही बरेचसे त्याच्या स्वतःच्या बोटाने अर्धे झाकलेले.

"तुम्ही त्या मुलीला ओळखता?"

"भिंगरीला? कोण नाही ओळखत. अख्खी बाग पायाखाली घालते. एक घसरगुंडी सोडून. मी आल्यापासून तिला शिडीवर चढताना पाहिलेलं नाही."

तिने ते वहीत लिहिलं खरं, पण मोजता येत नव्हतं म्हणून खाली, समासात लिहिलं.

तेवढ्यात पालक मंडळाचे सेक्रेटरी आले. काखेत तक्रारींची फाइल, खिशाला दोन पेनं. बागेतला एखादा दिवा बंद पडला तर दिव्याच्या आधी यांना कळायचं.

"तपास करताय? उत्तम. वॉचमन एक. दुसरी ती कॉलेजची नाचरी, संध्याकाळी फोन उभा करून नाचते. तिसरे आजोबा, नातवाचे रोज व्हिडिओ काढून परदेशी मुलीला धाडतात. तिघांपैकी कुणीही असो, उद्या पाचच्या आत नाव पाहिजे."

"तुम्ही पाहिलात व्हिडिओ?"

सेक्रेटरींनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली. "सगळ्यांनीच पाहिला," ते म्हणाले आणि फाटकाबाहेर पडले.

३

नाचरी दगडी कट्ट्यावर बसून घाम पुसत होती.

"मी? अहो ताई, मी चार तास व्हिडिओ काढते, त्यात चारही तास मीच असते. मला स्वतःवरून नजर काढायला फुरसत कुठे?" मग तिचा आवाज उतरला. "पण काल घरी बसून सगळे जुने व्हिडिओ पाहिले. माझ्या पाठीमागे कोण कोण आहे माहितीये? पोरं, त्यांच्या आया, एक बाई रडतीये. मी वर हात करून गिरकी घेतीये आणि मागे बाई रडतीये. सगळे काढून टाकले. दोनशे होते."

"संथ टिपता तुम्ही?"

"गिरकी असेल तर. पण फोन छातीच्या उंचीला, सरळ. मान वर केलेला फोन असला तर माझे पाय कापले जातात."

आजोबांनी दार उघडलं, पण आत या म्हणाले नाहीत. "फोन मुलाने काढून घेतलाय. म्हणाला, बाबा, आता बागेत नुसतं बसत जा. मी नुसतंच बसतो. तरी लोक शेजारून उठून जातात."

"तुम्ही कधी संथ..."

"पोरी, मला फोन कापायला शिकवलं ते नातवाने. संथ काय नि जलद काय."

ती परत घसरगुंडीपाशी आली. नाचरीचं एक वाक्य डोक्यात अडकलं होतं. मान वर केलेला फोन. तिने व्हिडिओतलं एक चित्र पडद्यावर थांबवलं. शिडीचे दोन खांब, मागे दिव्याचा खांब, कुंपणाचे गज, सगळे थोडे उजवीकडे झुकले होते. तिने पिशवीतून ओळंबा काढला आणि एकेका खांबाला लावला. दोरी खांबाला चिकटून सरळ खाली. खांब उभेच होते. झुकले होते ते फक्त व्हिडिओत.

उंच इमारतीचा खालून फोटो काढला की तिच्या दोन्ही कडा वर एकमेकींकडे झुकतात. डावी उजवीकडे, उजवी डावीकडे. कॅमेऱ्याने मान वर केली की हे होतंच. पण इथे सगळेच खांब उजवीकडे झुकलेले. डावीकडे झुकणारा एकही नाही. म्हणजे चित्राची उजवी बाजू कुणीतरी कापून टाकली होती. हा अख्खा व्हिडिओ एका मोठ्या व्हिडिओचा खालचा डावा कोपरा होता, तोडून मोठा केलेला.

मग मूळ चित्राच्या मधोमध काय होतं? काही तरी उंचावरचं.

ज्याने हा व्हिडिओ काढला, तो त्या मुलीकडे बघतच नव्हता.

४

भिंगरीच्या आईने चहा विचारला नाही आणि बसायलाही सांगितलं नाही. शिवणयंत्रावर पडद्याचं कापड पडलं होतं, सुई त्यात तशीच रुतलेली.

"मी एकदाच पाहिला," आई म्हणाली. "पुन्हा बघणार नाही."

"बघू नका. फक्त एक सांगा, हे कधी झालं?"

"गेल्या आठवड्यातच ना? ती काही बोलतच नाही."

"तिनेच सांगितलं का, गेल्या आठवड्यात म्हणून?"

"नाही. शनिवारी आला, म्हणून आपलं..." आई थबकली.

पलंगावरची चादर हलली. खालून एक चेहरा अर्धा बाहेर आला, मोजपट्टीला पाहून तोंड उघडं राहिलं आणि झटकन आत गेला. तेवढ्यात मोजपट्टीने पाहायचं ते पाहिलं. वरचे पुढचे दोन दात, नवे, पूर्ण आलेले, कडा अजून करवतीसारख्या. व्हिडिओतल्या मुलीचं तोंड रडताना उघडं होतं, आणि तिथे दातांच्या जागी खिंडार होतं.

"हिचे पुढचे दात कधी पडले?"

"दात? परीक्षेच्या आधी. एक पडला आणि दहा दिवसांनी दुसरा. चार महिने झाले असतील." आईने बोटांवर मोजलं आणि तिचा आवाज बारीक झाला. "त्याच सुमारास एकदा ओली होऊन आली होती. म्हणाली, नळावर सांडलं. मी ओरडले, फ्रॉक खराब केला म्हणून. चार महिने हे पोटात घेऊन फिरतीये का ती?"

मोजपट्टीने वही उघडून समासातली ओळ पाहिली. मी आल्यापासून तिला शिडीवर चढताना पाहिलेलं नाही. वॉचमन आला होता दोन महिन्यांपूर्वी. त्याआधी तो शहराच्या दुसऱ्या टोकाला रोपवाटिकेवर होता. खात्याच्या हजेरीपटात तसं नोंदलेलंच असणार.

वॉचमन सुटला. तिला हलकं वाटायला हवं होतं.

बागेच्या ऑफिसात फाटकाचं रजिस्टर होतं. स्टँड लावून चित्रीकरण करायचं असेल तर त्यात सही करायची, असा नियम होता. इतका स्थिर व्हिडिओ हातात फोन धरून निघत नाही. तिने चार महिन्यांपूर्वीची पानं काढली, दात पडल्यापासून पुढचे तीन आठवडे.

स्टँडची नोंद एकच होती. वेळ सकाळी साडेदहा. कारण: झोका क्रमांक दोन, वरच्या कडीची झीज. सही तिची स्वतःची होती.

५

यादी करताना निरीक्षकाने स्वतःला धरायचं नसतं, ही तिला कॉलेजपासून लागलेली सवय. प्रयोगात आपण नसतोच, आपण फक्त बघतो.

झिजलेली कडी झोक्याच्या टोकाला किंचित उडी मारते. ती उडी डोळ्याला दिसत नाही, म्हणून ती चौपट वेगाने चित्रं घ्यायची. कॅमेरा कडीकडे, मान वर. झोक्यावर वाळूचं पोतं. पोरांना लांब उभं करायचं आणि कडीवर डोळे लावायचे. अशा तऱ्हेचे बासष्ट व्हिडिओ तिच्याकडे होते. त्या दिवशीचा तिने उघडला. कडी मधोमध, लख्ख. या वेळी तिने कडीवर हात ठेवला आणि खालचा डावा कोपरा पाहिला.

तिथे ती होती. नखाएवढी.

आणि हा व्हिडिओ तिच्या कपाटात कुलपात नव्हता. खात्याच्या संकेतस्थळावर, अहवालाच्या खाली, कुणालाही उतरवून घेता येईल असा होता. ते तिनेच करवून घेतलं होतं. साहेब म्हणाले होते, नुसते आकडे टाकले तर चालत नाही का? तिने वाद घातला होता. नुसत्या आकड्यांवर लोकांनी विश्वास का ठेवावा? मूळ पुरावा उघडा पाहिजे. कुणालाही पडताळता आला पाहिजे. त्या वादात जिंकल्यावर तिने घरी फोन करून आईला सांगितलं होतं.

संकेतस्थळावर उतरवून घेणाऱ्यांची नावं राहत. या व्हिडिओखाली एकच नाव होतं.

गुरुवारी दुपारी दोनला ती सेक्रेटरींच्या दारात उभी राहिली. त्यांनी तिच्या हातातला कागद पाहिला आणि बायकोला आत जायला सांगितलं.

"कडीच बघायला घेतला होता," ते म्हणाले. "देवाशप्पथ. माझा नातू बसतो त्या झोक्यावर. मग खाली ती पोर दिसली. शिडीवर अडकलीये, पोरं हसतायत आणि जवळ एक मोठं माणूस नाही. मी तेवढाच भाग कापला आणि मंडळाच्या तिघांना पाठवला. बघा म्हटलं, वॉचमन जागेवर नसतो. तारीख कुठे पाहिली मी. गाणं मी नाही हो घातलं. मी का गाणं घालीन? मी पाठवला तेव्हा ती तक्रार होती."

"आणि लोक म्हणाले, वॉचमननेच काढलाय. तेव्हा?"

ते बराच वेळ फाइलीची नाडी बांधत होते. "वाटलं, दोन दिवसांत थंड होईल."

"कॉलर धरली त्यांची."

"मी तिथे नव्हतो."

"तुम्ही मला यादी दिलीत. तीन नावांची."

सेक्रेटरींनी मान वर केली. डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात धार आली. "आणि तुम्ही काय केलंत? मी तिघांना पाठवला. तुम्ही तर अख्ख्या जगासाठी ठेवला होतात."

६

बैठकीला खुर्च्या कमी पडल्या. वॉचमन दाराशी उभा होता, टोपी हातात. आजोबा शेवटच्या रांगेत होते. सेक्रेटरी टेबलामागे बसून समोरच्या कोऱ्या कागदावर काहीतरी गिरवत होते.

साहेबांना तिने आधी सांगितलं होतं. ते म्हणाले होते, "वॉचमन निर्दोष, एवढंच बोल. मूळ कुठलं ते मी बघतो. सगळं सांगायची गरज नाही, ऐक माझं." ते तिच्या भल्याचंच सांगत होते, म्हणून जास्त लाज वाटली.

ती उभी राहिली. झोका, सावली, खांब, दात, सगळं क्रमाने सांगितलं. लोक पुढे सरकून ऐकत होते. तिला जाणवलं की ती चांगलं बोलतेय, कोडं सुटत जातंय तसे चेहरे उजळतायत. त्या जाणिवेनेच तिची जीभ अडखळली.

"तर स्टँड लावून चित्रीकरण करणारी त्या दिवशी एकच व्यक्ती होती," ती म्हणाली. "मी."

पुढच्या रांगेतल्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कॅमेरा माझा. उघड्यावर ठेवला तोही मीच. काकांचा, आजोबांचा, त्या नाचणाऱ्या मुलीचा काही संबंध नाही. आज सकाळी बासष्टही व्हिडिओ मी संकेतस्थळावरून काढले. पण लोकांच्या फोनमध्ये गेलेला मला काढता येत नाही."

"आणि कापला कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

तिने टेबलाकडे पाहिलं नाही. मग खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सेक्रेटरी उभे राहिले होते, दोन्ही हात टेबलावर टेकून. "मी," ते म्हणाले. त्यापुढे त्यांना बोलता आलं नाही.

गलका उठला. त्या गलक्यात वॉचमन टोपी घालून बाहेर निघाला. ती मागे धावली. "काका, माफ करा."

"ताई, तुम्ही माझी नोकरी वाचवलीत, नाही कशाला म्हणू," तो चालता चालता म्हणाला. "पण माझ्या सुनेने परवापासून नातीला माझ्याजवळ झोपू दिलेलं नाही. तुमचं हे खांबांचं गणित तिला कुणी समजवायचं?" आणि तो फाटकाकडे गेला.

भिंगरीची आई पायऱ्यांवर वाट बघत होती. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

"मला सांगितलंत. आता तिला सांगा. मी नाही सांगणार तुमच्या वतीने."

घरात पलंगाजवळ मोजपट्टी फरशीवर पालथी पडली, तेव्हा कुठे चादरीखालचं दिसलं. उशी, पाण्याची बाटली आणि भिंगरी, गुडघे पोटाशी घेऊन.

"तो व्हिडिओ माझ्या कॅमेऱ्यातला आहे," ती म्हणाली. "मी तो सगळ्यांना दिसेल असा ठेवला. माझं चुकलं. वॉचमनकाकांनी काही केलेलं नाही."

आतून आवाज आला, "तू माझ्याकडे बघत होतीस?"

"नाही. मी झोक्याच्या कडीकडे बघत होते."

"मी तुला हाक मारलेली. दोनदा. मोजपट्टीताई, मोजपट्टीताई. शिडीवरनं. तुला ऐकू नाही आलं?"

संथ व्हिडिओला आवाज नव्हता. नाही म्हटलं असतं तर जगातल्या कुठल्याही पुराव्याने ते खोडता आलं नसतं. आई दारात उभी होती. मोजपट्टीला ती सकाळ आठवली. कडी नेमकी उडी मारणार होती, मागून कुणी पोर हाका मारत होतं, पोरं नेहमीच मारतात. तिने मान न वळवता डावा हात मागे केला होता, पंजा उघडून. थांब.

"आलं होतं," ती म्हणाली.